व्हॅलहाइमचे मॉड : बडोद्याच्या आमच्या सर्व्हरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचा सर्व्हर दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरून चालतो. शनिवारी रात्री जेवणं उरकली की आम्ही सात-आठ जण व्हॅलहाइम हा व्हायकिंग योद्ध्यांचा कॉम्प्युटर गेम एकत्र खेळायला जमतो. कुणी त्याच खोलीत लॅपटॉप घेऊन बसतं, कुणी मांजलपूरहून, कुणी थेट पुण्याहून जोडलं जातं. नवीन माणूस आला की तेच प्रश्न, आणि आम्ही तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांत व्हॉट्सॲपवर टाइप करत बसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. आधी वाचा, मग विचारा. आणि घाईत असाल तर निदान बॅकअपचा भाग तरी वाचाच.

मॉड म्हणजे नेमकं काय? गेम क्रॅक करण्यासारखंच ना?

नाही. हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांच्या आयाच जास्त विचारतात, म्हणून नीट सांगतो. काकू, गेम विकत घेतलेलाच असतो. त्याच्यावर कुणीतरी खेळणाऱ्यानेच केलेलं जास्तीचं काम चढवायचं, त्याला मॉड म्हणतात. वाडा तोच ठेवून आत एक फळी मारली, एक खिडकी मोठी केली, एवढंच. कुलूप तोडून आत शिरणं वेगळं. काउंटर-स्ट्राइकसुद्धा 1999 साली हाफ-लाइफ या दुसऱ्या गेमचा मॉड म्हणूनच सुरू झाला होता, नंतर तो स्वतंत्र गेम म्हणून विकला गेला.

व्हॅलहाइमचे मॉड बहुतेक करून बेपइनएक्स नावाच्या एका चौकटीवर चालतात. गेमच्या फोल्डरमध्ये ‘विनएचटीटीपी’ नावाची एक डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या कोडाची फाइल, ठेवली जाते. गेम सुरू होताना विंडोजची त्याच नावाची फाइल शोधतो आणि आधी शेजारची उचलतो. तिच्या मागून बेपइनएक्स आत शिरतं आणि प्लगइन्सच्या फोल्डरमधले सगळे मॉड एकेक करून चढवतं. मूळ गेमच्या फाइलींना कुणी हात लावत नाही. म्हणूनच एखाद्या दिवशी मॉडशिवाय खेळायचं असेल तर त्या एका फाइलचं नाव बदललं तरी पुरतं.

अर्ली ॲक्सेस म्हणजे डेमो का?

डेमो फुकट असतो. इथे पैसे भरून अर्धवट गेम घ्यायचा आणि तो पूर्ण होताना खेळत राहायचं. व्हॅलहाइम 2 फेब्रुवारी 2021 ला असा विक्रीला आला. आयर्न गेट या स्वीडनमधल्या कंपनीत तेव्हा पाच जण होते. पहिल्या आठवड्यात 10 लाख प्रती खपल्या आणि महिनाभरात आकडा 50 लाखांवर गेला. ओडिनने मेलेल्या योद्ध्यांना ज्या दहाव्या जगात धाडलं, ते हे जग. काही प्रदेश पहिल्या दिवशी नुसते नावाला होते. मिस्टलँड्स 6 डिसेंबर 2022 ला भरला, ॲशलँड्स 14 मे 2024 ला.

दुसरं टोक पाहायचं असेल तर बाल्डर्स गेट 3. तो 6 ऑक्टोबर 2020 पासून 3 ऑगस्ट 2023 पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि पूर्ण गेम आला तेव्हा आधीच्या सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेले खेळ, त्यात चालल्याच नाहीत. लोकांनी जीव लावलेली पात्रं तिथेच राहिली. व्हॅलहाइममध्ये पहिल्या वर्षातलं जग अजून उघडतं. फक्त आधी फिरून झालेल्या भागात नवीन प्रदेशातल्या गोष्टी सहसा उगवत नाहीत, त्यासाठी न पाहिलेल्या किनाऱ्याला जावं लागतं.

काल रात्री खेळत होतो. आज अपडेट आलं आणि मेनूच येत नाही. काय बिघडलं?

तुमचं काही बिघडलेलं नाही. गेम पुढे गेला, मॉड मागे राहिला.

जरा आतलं सांगतो, म्हणजे दर वेळी घाबरायला होणार नाही. व्हॅलहाइम युनिटी या गेम बनवायच्या इंजिनावर बनलाय आणि त्याचं सगळं डोकं सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या एका फाइलीत आहे. मॉडवाले हार्मनी नावाच्या लायब्ररीने त्या डोक्यातली एखादी क्रिया पकडतात. समजा, ‘पात्र मेलं की प्रत्येक कौशल्य पाच टक्क्यांनी घटव’ अशी एक क्रिया आहे. मॉड म्हणतो, ही क्रिया सुरू होण्याआधी मला विचार. मी म्हटलं तरच कर, आणि पाचाऐवजी एकच टक्का घटव. हा सगळा कारभार क्रियेच्या नावावर चालतो. आता कंपनीने अपडेटमध्ये त्या क्रियेचं नाव बदललं, किंवा तिला एक जास्तीची माहिती मागायला लावली, की मॉड दारात उभा राहून जुन्याच नावाने हाका मारतो. घरात त्या नावाचं कुणी उरलेलंच नसतं. कधी तो मॉड गप्प पडतो, कधी सगळा गेमच घेऊन बसतो.

पूर्ण झालेल्या गेममध्ये असं वर्षा-दोन वर्षांतून एकदा होतं. अर्ली ॲक्सेसमध्ये कारागीर अजून घरातच असतात, रोज एखादी भिंत हलवतात, त्यामुळे हे चालायचंच.

अशा वेळी काय करायचं ते सांगतो. बेपइनएक्सच्या फोल्डरमध्ये ‘लॉगआउटपुट’ नावाची फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडा. ‘एरर’ शब्द शोधा. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे जवळपास मॉडचं नाव दिसेल. पहिलाच धरा, कारण खालचे पन्नास बहुतेक त्याच एकाची पिल्लं असतात. तो मॉड बंद करा, गेम पुन्हा चालवा. ग्रुपवर टाकायचं असेल तर ती फाइल टाका. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटची चमक, असला पुरावा कृपया नको.

आणि स्टीममध्ये, म्हणजे गेम जिथून विकत घेतला त्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये, गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, ‘गेम सुरू करतानाच अपडेट कर’ हा पर्याय लावून ठेवा. शुक्रवारी अपडेट आलं तर शनिवारी काय करायचं ते आम्ही ग्रुपवर कळवतो. तोवर गेम उघडू नका. एकाने उत्साहाने उघडला की त्याची आवृत्ती पुढे जाते आणि तो रात्रभर दाराबाहेर बसतो. आत आम्ही सात जण, बाहेर तो एकटा, आणि फोनवर फोन.

बॅकअप खरंच एवढा महत्त्वाचा आहे?

कंपनी नवीन अपडेट आधी चाचणीसाठी वेगळ्या शाखेवर सोडते. त्या शाखेत शिरायला स्टीममध्ये एक परवलीचा शब्द टाकावा लागतो, आणि तो शब्द आहे ‘येस आय मेड बॅकअप्स’, मधल्या जागा गाळून. हो, मी बॅकअप घेतलाय, असं स्वतःच्या हाताने टाइप केल्याशिवाय कंपनी आत सोडत नाही. यापेक्षा वेगळं आम्ही काय सांगणार?

तरी आमची गोष्ट सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा सर्व्हर अकोट्याला आमच्यातल्या एकाच्या घरी होता, तळमजल्यावर. रात्री पाणी ओट्याला लागलं. त्याने आधी आजीला वर नेलं, मग गॅसची टाकी, मग देव, आणि सगळ्यात शेवटी सीपीयू. अंधारात जिन्याच्या कठड्यावर तो एकदा आपटला. यूपीएस खालीच राहिला आणि गेला. तीन दिवसांनी वीज आली तेव्हा हार्ड डिस्क नुसती टक-टक करत होती.

पेन ड्राइव्ह होता, डाळीच्या डब्यांच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. आम्ही हुश्श केलं. मग उघडला.

इथे थोडं तांत्रिक. व्हॅलहाइममधल्या प्रत्येक जगाच्या दोन फाइली असतात. एक ‘एफडब्ल्यूएल’, अगदी चिमुकली. तिच्यात जगाचं नाव आणि त्याचं बीज असतं, ज्याला सीड म्हणतात. दुसरी ‘डीबी’, चांगली जाडजूड. तुम्ही बांधलेलं, खणलेलं, पेटीत ठेवलेलं सगळं तिच्यात असतं. बिजावरून गेम तोच भूगोल पुन्हा जशाचा तसा उभा करू शकतो. आमच्या मित्राने पेन ड्राइव्हवर जागा कमी म्हणून मोठी फाइल ‘काहीतरी कचरा असेल’ असं समजून सोडून दिली होती आणि छोटी तेवढी जपून ठेवली होती.

जग उघडलं. तोच डोंगर, तीच खाडी, काठावरचे तेच तीन भूर्जवृक्ष. घर नव्हतं. आम्ही सगळे त्या मोकळ्या गवतावर उभे राहिलो आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी कुऱ्हाड काढली आणि पहिलं झाड पाडलं.

तेव्हा: दोन्ही फाइली. विंडोजमध्ये ॲपडेटाच्या आत ‘लोकललो’, त्यात ‘आयर्नगेट’, त्यात ‘व्हॅलहाइम’, त्यात ‘वर्ल्ड्स-लोकल’. गेम स्वतःहूनही मधूनमधून प्रती काढतो, पण त्या त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की त्याही गेल्या. तुमचं पात्र मात्र सर्व्हरवर नसतं, तुमच्याच कॉम्प्युटरवर असतं, ‘कॅरॅक्टर्स-लोकल’ फोल्डरमध्ये. तिथे दिसलं नाही तर ते स्टीमच्या क्लाउडवर असेल. गेममधल्या ‘मॅनेज सेव्ह्ज’मधून ते खाली उतरवता येतं. जगाचा बॅकअप आमच्याकडे, पात्राचा तुमच्याकडे. ‘माझी तलवार गेली’ म्हणून आमच्या नावाने बोटं मोडू नका.

मॉड घालायचे कसे? एकेक फाइल उतरवायची?

तसं केलंत तर तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे काय आहे ते तुम्हालाच कळणार नाही. आरटूमॉडमॅन नावाचा मॅनेजर घ्या. तो थंडरस्टोअर या मॉडच्या साइटवरून मॉड उतरवतो आणि एकाला दुसरा लागत असेल तर तोही सोबत आणतो. त्यात प्रोफाइल, म्हणजे मॉडच्या ठरलेल्या याद्या, बनवता येतात. आमच्या प्रोफाइलचा कोड ग्रुपवर वर पिन केलेला आहे. तो ‘इम्पोर्ट’मध्ये चिकटवला की आमच्याकडे जे आहे तेच, त्याच आवृत्तीचं, तुमच्याकडे येतं. यादीत नसलेलं काही घालायचं असेल तर वेगळं प्रोफाइल करा आणि तिथे हवे ते खेळ करा.

तुमच्या सर्व्हरवर कोणते मॉड आहेत? पोर्टलमधून लोखंड नेता येतं?

मोजकेच आहेत. जवळच्या पेट्यांतलं सामान थेट वापरता येणारा एक आहे, कारण चाळीस पेट्या उघडून कातडं शोधण्यात कुणालाही गंमत वाटत नाही. नकाशावरच्या खुणा सगळ्यांना दिसाव्यात म्हणून एक. पेरणी एका ओळीत करता यावी म्हणून एक. आणि आमचा स्वतःचा मराठीचा, त्याबद्दल पुढे येतंच.

पोर्टल म्हणजे गेममधलं, क्षणात दूर पोचवणारं जादूचं दार. आमच्याकडे त्यातून धातू नेता येत नाहीत, आणि येणारही नाहीत. यावर आमच्यात खडाजंगी झालेली आहे. माझं मत सांगतो. लोखंड जहाजात भरून परत आणायचं, मध्ये वारा पडतो, समुद्री साप मागे लागतो, एक जण सुकाणू धरतो आणि बाकीचे ओरडतात. ही रात्र काढून टाकली तर उरतो नुसता हिशेब. ज्यांना वेळ नाही त्यांचं म्हणणंही मला कळतं. दुकान बंद करून रात्री अकराला बसणाऱ्या माणसाला दोन तास होडी हाकायला लावणं हा अन्यायच आहे. पण मग त्याने होडीत झोपावं, आम्ही हाकतो.

हेही माहीत असू द्या की यासाठी आता मॉड लागतच नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये गेममध्येच जगाचे नियम बदलायची सोय आली. पोर्टल, शत्रूंचा जोर, मेल्यावरचं नुकसान, सगळं तिथे सैल-घट्ट करता येतं. त्याआधी दोन वर्षं लोक हेच मॉडने करत होते. घरच्या जगात मोकळेपणी करा.

मॉड काढून टाकला तर त्याने दिलेल्या वस्तूंचं काय?

जातात. गेमला त्या वस्तूचं नाव ओळखता आलं नाही की तो ती टाकून देतो, आणि पुढच्या सेव्हला ती कायमची पुसली जाते. पात्र सगळीकडे तेच फिरत असल्यामुळे यात फसायला होतं. इथे मॉडची ढाल मिळवली, मग दुसऱ्या मित्राकडे मॉडशिवाय गेलात, परत आलात तर हात रिकामा. मॉडच्या जगासाठी वेगळं पात्र ठेवा.

नुसतं वागणं बदलणारे मॉड, म्हणजे पेरणीचा किंवा पेट्यांचा, काढले तरी काही जात नाही. नवीन वस्तू घालणारे मॉड घेताना मात्र दहादा विचार करा. अर्ली ॲक्सेसमध्ये तो मॉड पुढच्या वर्षी असेलच याची खात्री कुणी देत नाही.

व्हायरस येतो का?

येऊ शकतो. मॉड म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारा परक्याचा कोड. जून 2023 मध्ये माइनक्राफ्टच्या काही मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा प्रकार सापडला. नावाजलेल्या साइटवर, ओळखीच्या खात्यांतून तो पसरला होता. तेव्हा ‘मोठी साइट आहे’ एवढंच पुरेसं नाही. साइटवर आज आलेला मॉड आजच घेऊ नका, आठवडाभर थांबा. कुणा यूट्यूबवाल्याने दिलेल्या लिंकवरची झिप फाइल तर नकोच नको. उलट, बेपइनएक्सच्या त्या शेजारच्या डीएलएलवर अँटिव्हायरस कधीकधी उगाच ओरडतो, कारण तिची आत शिरायची पद्धतच तशी आहे. खात्री नसेल तर आम्हाला विचारा.

मॉडला पैसे द्यावे लागतात?

व्हॅलहाइमच्या मॉडला नाही. मॉड फुकटच असावेत, पैशांच्या भिंतीमागे ठेवू नयेत, असं कंपनीनेच जाहीर सांगितलेलं आहे. कुणी खुशीने करणाऱ्याला चहापाण्याचे पैसे पाठवले तर ती गोष्ट निराळी. एप्रिल 2015 मध्ये स्टीमवर स्कायरिमचे मॉड विकायचा प्रयोग झाला होता. एवढा गदारोळ उडाला की आठवड्याच्या आतच गुंडाळावा लागला.

मॉड बनवणाऱ्याला तीन मेसेज केले, उत्तरच देत नाही. तक्रार कुठे करायची?

कुठेही नाही. तो माणूस नोकरी करतो, त्याच्या घरी पाहुणे येतात, त्याला ताप येतो. अपडेट आलं त्या दिवशी त्याच्या पानावर ‘कधी होणार’ अशा दोनशे ओळी पडतात, त्यात तुमची एक. व्हॅलहाइम प्लस नावाचा एके काळी सगळ्यांकडे असलेला मॉड मूळ मंडळींकडून थांबला. सोर्स, म्हणजे त्याचा मूळ कोड, सगळ्यांना उघडा होता म्हणून दुसऱ्यांनी तो पुढे चालवला. मॉड निवडताना मी म्हणूनच आधी सोर्स उघडा आहे का ते बघतो, फीचरं नंतर.

लिहायचंच असेल तर गेमची आवृत्ती, मॉडची आवृत्ती, लॉगची फाइल, आणि काय केल्यावर बिघडतं ते दोन ओळींत लिहा. खाली आभार माना. उत्तर येण्याची शक्यता किती वाढते ते बघाच. आणि एक: मॉड चालू असताना दिसलेला दोष कंपनीला कळवू नका. आधी सगळे मॉड काढून तो पुन्हा घडतो का ते पाहा.

मराठीचा मॉड कसा केलात? आम्हालाही हातभार लावायचाय.

या. हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही चहा पाजतो.

शब्द बदलणं सोपं होतं. गेममधला मजकूर कोडात थेट लिहिलेला नसतो. त्या जागी डॉलरचं चिन्ह लावलेली एक खूण असते आणि कोणत्या खुणेला कोणत्या भाषेत काय दाखवायचं याची मोठी यादी असते. आम्ही यादीत आमची भाषा घातली, आमचा देवनागरी फॉन्ट दिला आणि टाळ्या वाजवून गेम सुरू केला. पडद्यावर जे आलं ते वाचून आजी म्हणाली, ‘हे कुठल्या देशाचं?’

झालं असं. युनिटीमध्ये अक्षरं दाखवायला टेक्स्टमेशप्रो नावाचा भाग असतो. तो एकामागून एक अक्षर ठेवत जातो. इंग्रजीचं तेवढ्याने भागतं. मराठीत ‘किल्ला’ लिहायचा तर पहिली वेलांटी टाइप होते क-च्या नंतर, पण दिसायला हवी आधी. ‘ल्ल’ जुळायला हवा. ‘दुर्ग’मधला रफार ग-च्या डोक्यावर जायला हवा. या जुळवाजुळवीला शेपिंग म्हणतात. अनरियल आणि गोडो 4 या इंजिनांत त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी आधीच बसवलेली असते. टेक्स्टमेशप्रोमध्ये ती जुळवणी नव्हती. आमच्या किल्ल्याची वेलांटी ल-ला जाऊन चिकटली होती आणि मध्ये पाय मोडलेला एक ल लंगडत उभा होता.

सुटका केली रावपुऱ्यातल्या एका प्रेसवाल्या काकांनी. ते मराठी-गुजराती लग्नपत्रिका छापतात. कॉम्प्युटरचा प्रश्न म्हणून कुणीतरी सहज त्यांना दाखवला. ते हसले आणि म्हणाले, ‘अरे, आम्ही तीस वर्षं असंच टाइप केलं.’ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत प्रत्येक अर्धं अक्षर, प्रत्येक वेलांटी ही इंग्रजीच्या एकेका बटणावर बसवलेली असायची. वेलांटी आधी दाबायची, मग क. जुळवणारं मशीन नव्हतंच, जुळवणारा माणूस होता. आम्ही तेच केलं. युनिकोडमध्ये खासगी वापरासाठी काही रिकाम्या जागा राखून ठेवलेल्या आहेत. त्या जागांवर आम्ही फॉन्टमध्ये तयार जोडाक्षरं बसवली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो मराठी मजकूर आधीच दिसण्याच्या क्रमाने लावून देतो. गेमला वाटतं आपण साधी अक्षरंच ओळीने ठेवतोय. कोणती जोडाक्षरं लागतील ते काकांनी पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर शाईच्या पेनने लिहून दिलं: क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, द्य, ह्म, ष्ट, आणि खाली दोनदा अधोरेखित करून, ऱ्य.

तो ऱ्य आम्हाला महागात पडला. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या बऱ्याच फॉन्टांत तो धड नसतो. श आणि ल यांची मराठी वळणंही वेगळी, तीसुद्धा निवडून घ्यावी लागली. सरकारी नाव घ्यायचं झालं तर आमच्या गावातच तो ऱ्य आहे, ‘वडोदऱ्याला’. घरी आम्ही बडोदंच म्हणतो, तेवढी मेहनत वाचते.

शब्द कसे निवडता? ‘ट्रोल’ला काय म्हणता?

ट्रोलला, म्हणजे गेममधल्या त्या धिप्पाड राक्षसाला, दैत्य. तिथे वाद नव्हता. ‘ड्राउगर’वर मात्र दोन शनिवार गेले. कुणी म्हणे वेताळ, कुणी मुंजा. मुंजा पिंपळावरचा पोरगा, तो कसा चालेल? वेताळ तर भुतांचा राजा, काही गावांत त्याची पूजा होते, त्याला दलदलीत उभं करून भाल्याने टोचायचं? नॉर्स कथांतला ड्राउगर आपल्या थडग्यातलं धन राखत बसलेला मेलेला माणूस असतो. आपल्याकडे पुरलेल्या ठेव्यावर बसतो तो समंध. तोच ठरला.

‘मीड’ म्हणजे मधापासून आंबवून केलेली दारू. पहिल्यांदा आम्ही सरळ ‘मद्य’ लिहिलं. आमच्यातला सगळ्यात लहान गडी अकरावीत आहे, त्याच्या वडिलांनी मागून जाताना पडद्यावर ‘मद्य तयार आहे’ वाचलं, आणि तेही गुजरातेत, जिथे दारूबंदी आहे. पण गेममध्ये मीड पितात ते जखम भरायला, विष उतरवायला, थंडी सोसायला. मग ते द्राक्षासवाच्याच जातीचं झालं की. आता ‘आसव’ म्हणतो. वडीलही खूश, अर्थही नेमका.

अडलं की आम्ही आमच्याच गावचा एक जुना उद्योग आठवतो. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द मांडलेले. त्यात दैत्य-समंध सापडत नाहीत, पण पद्धत सापडते: आधी सगळे पर्याय शेजारी-शेजारी लिहा, मग भांडा. आमच्या शीटमध्येही तसेच रकाने आहेत. ‘वर्कबेंच’चा रकाना अजून उघडा आहे. ‘कामाचं टेबल’ मला शाळेतलं वाटतं.

लॅपटॉप जुना आहे, चालेल?

8 जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर सावल्या कमी करून चालतो. आमच्या मोठ्या वाड्याजवळ आलात की अडखळेल. तिथे मशाली फार आहेत, मान्य.

एक्सबॉक्सवर हे मॉड चालतात?

नाही.

मला स्वतःचा मॉड करायचाय. कुठून सुरू करू?

सी-शार्पची तोंडओळख करून घ्या, महिनाभर पुरे. मग डीएनस्पाय नावाच्या साधनाने गेमची ती मोठी फाइल उघडून नुसती वाचा. उडी किती उंच, भूक किती वेळाने, सगळं तिथे साध्या आकड्यांत दिसतं. पहिला मॉड एकच आकडा बदलणारा करा. आमच्यातल्या एकीने कोंबडीचं ओरडणं थांबवणारा केला होता, सव्वा तासात. दुसऱ्या मॉडपासून योटुन ही लायब्ररी वापरा, नवीन वस्तू घालायची कटकट ती उचलते. चित्रकलेकडे ओढा असेल तर कोडाच्या वाटेला जायचीही गरज नाही. फाइन आर्ट्सची एक मुलगी आम्हाला ढालींवरची नक्षी करून देते, ती गेम खेळतसुद्धा नाही.

सर्व्हरवर कधी येऊ?

शनिवारी रात्री साडेदहानंतर. गेमच्याच मर्यादेप्रमाणे एका वेळी दहा जण मावतात, त्यामुळे आधी ग्रुपवर कळवा. नवरात्रात नऊही दिवस बंद, कारण सगळे गरब्याला असतात. उत्तरायणाला 14 आणि 15 जानेवारीलाही बंद. तेव्हा वाड्याच्या गच्चीवर या, मांजा आम्ही देऊ. येताना पात्र नवं कोरं आणा, प्रोफाइलचा कोड आधीच घालून ठेवा, आणि खाली जिन्याजवळची घंटा वाजवू नका, पहिल्या मजल्यावरचे आजोबा दहाला झोपतात. फोन करा, आम्ही दार उघडायला येतो.